चॉकलेट कुठे तयार होते? – पुत्तूरच्या एका कोको बागेची ओळख

चॉकलेट कुठे तयार होते, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले "कारखान्यात" असे उत्तर देतात. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. कारखान्यात चॉकलेटला आकार, गोडी आणि चकचकीत वेष्टन मिळते. त्याचा जो खास वास आणि चव, त्याचा पाया मात्र त्याआधीच, शेतकऱ्याच्या खळ्यात पाच-सहा दिवसांत घातला जातो. हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही शिक्षक नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन कर्नाटकच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात, पुत्तूर तालुक्यातील एका कुटुंबाच्या बागेत गेलो होतो. सहलीची गंमतजंमत विद्यार्थी स्वतंत्रपणे लिहिणार आहेत. येथे आम्ही तेथे जे समजले ते क्रमाने मांडत आहोत. ज्यांना येता आले नाही त्यांना, आणि पुढे अशी सहल आखू इच्छिणाऱ्या पालक व विश्वस्तांना त्याचा उपयोग व्हावा.

मडगावहून कोकण रेल्वेने मंगळूरला जायचे आणि तेथून मडिकेरीच्या रस्त्याने बसने पन्नासएक किलोमीटर गेले की पुत्तूर येते. पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढलेली मिरवेल असे सारे दृश्य आपल्या कुळागरासारखेच दिसते. यजमान कुटुंबाच्या घरात चित्पावनी बोलली जाते, गावात तुळू आणि कन्नड. सत्तरीहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोळी हीच बोली असल्याने तिची तेथे लगेच गट्टी जमली. बाकीच्यांनाही आजोबांचे बोलणे समजायला फारसे जड गेले नाही.

कोको म्हणजे कोकम नव्हे

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. कोको म्हणजे आपले कोकम, अर्थात भिरंड नव्हे. नारळाच्या इंग्रजी नावाशीही त्याचे काही नाते नाही. या झाडाचे शास्त्रीय नाव 'थिओब्रोमा काकाओ'. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली ते दिले. 'थिओब्रोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ देवांचे अन्न. भेंडी, जास्वंद आणि कापूस ज्या कुळात मोडतात, त्याच कुळात आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोकोला घालतात.

कोकोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात. इक्वेडोरमधील उत्खननात सापडलेल्या भांड्यांवरून तेथील माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी कोको वापरत होता, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. पुढे मेक्सिकोकडील माया आणि ॲझ्टेक लोक त्याच्या बिया वाटून कडू, फेसाळ पेय करीत, तसेच बिया नाण्यांसारख्या चलनातही वापरीत. काजू, अननस, पपई आणि मिरची हीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली की आज परकी वाटत नाहीत. कोको भारतात उशिरा आला. १७९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने तमिळनाडूतील कुर्ताळम येथे त्याची रोपे लावली, पण शेतकऱ्यांच्या बागांत तो खऱ्या अर्थाने शिरला १९६०च्या दशकानंतर. आज देशात आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू ही चार राज्ये प्रामुख्याने कोको पिकवतात.

खोडाला लागणारी फळे

बागेत शिरताच मुले फळे शोधण्यासाठी वर शेंड्याकडे पाहू लागली. फळे होती डोळ्यांसमोर, थेट खोडाला. फणसासारखीच कोकोलाही फुले-फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. फूल नखाएवढे, पांढरट-गुलाबी. शंभर फुले आली तर त्यांतून जेमतेम एक ते पाच फळे धरतात. परागीभवन मधमाश्या करीत नाहीत. ते काम करणाऱ्या माश्या इतक्या बारीक असतात की त्यांची लांबी एक-दोन मिलिमीटरच भरते. कुजणारा पाला, केळीची जुनी खोडे अशा ओलसर जागी त्या वाढतात. म्हणून ही बाग झाडून लख्ख ठेवलेली नव्हती. "पाला उचलला तर फळ कमी धरेल," असे आजोबांनी सांगितले, तेव्हा शाळेचे आवार झाडून घेणाऱ्या आमच्या मुलांना मोठी मौज वाटली.

फळ पिकायला पाच ते सहा महिने लागतात. हिरवे फळ पिवळे होते आणि तांबडे फळ नारिंगी. पिकलेले फळ ओढून किंवा पिळून काढायचे नाही, देठ कोयत्याने कापायचा. कारण जेथे फळ लागते, तेथेच खोडावर फुलांची एक लहानशी गादी असते आणि पुढची फुले पुन्हा तिथूनच येतात. ती सोलली गेली की त्या जागेचे पीक कायमचे गेले. माकडे आणि खारी हा नियम पाळत नाहीत, ही इकडच्या बागायतदारांची रोजची तक्रार!

कोकोला भर ऊन सोसत नाही. म्हणून पोफळीच्या बागेत त्याला मधल्या मजल्यावर जागा मिळते. येथील शिफारशीप्रमाणे पोफळी २.७ मीटर अंतरावर लावतात आणि एकाआड एक ओळ सोडून मधल्या जागेत कोको लावतात. कोकोची उंची छाटून आटोक्यात ठेवली की दोघांचे भांडण होत नाही. उलट कोकोचा पाला पोफळीच्या मुळाशी खत होतो आणि एकाच पाण्यावर दोन पिके निघतात. पुत्तूरजवळ विट्टल येथे केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. सुपारी आणि कोको यांच्या अशा जोड लागवडीवर तेथे कित्येक वर्षे काम झाले आहे. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो, त्याच जातकुळीची बुरशी कोकोचे फळ काळे करते. उपायही आपल्या बागायतदारांच्या ओळखीचाच, मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण.

चव घडते ते सहा दिवस

फळ लाकडी दांड्याने आपटून फोडतात. कोयत्याने फोडले तर आतल्या बिया कापल्या जातात. आत तीस-चाळीस बिया असतात आणि प्रत्येकीवर पांढरा, बुळबुळीत, आंबटगोड गर. मुलांनी तो सीताफळासारखा चोखून खाल्ला. बी मात्र चावताच तोंडे वाकडी झाली. आत जांभळी, कडू आणि तुरट. चॉकलेटचा मागमूसही नाही. अशी बी वाळवून कितीही भाजली तरी तिला चॉकलेटचा वास येत नाही.

मग तो येतो कोठून? येथेच शेतकऱ्याचे कौशल्य लागते. ओल्या बिया गरासकट लाकडी पेटीत भरून वर केळीची पाने आणि गोणपाट झाकतात. गरात साखर असते. पहिले एक-दोन दिवस यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. मग तिसऱ्या दिवशी बिया वरखाली करतात, हवा आत शिरते आणि दुसरे जीवाणू मद्याचे आम्ल करू लागतात. गोव्यातल्या मुलांना हे समजावणे सोपे गेले. माडाची सूर ठेवली की फसफसते आणि आणखी ठेवली की तिचे व्हिनेगर होते, तीच ही क्रिया. फरक एवढाच की येथे आपल्याला मद्यही नको असते आणि व्हिनेगरही नको असते. हवी असते ती त्यांच्यामुळे निर्माण झालेली उष्णता आणि आम्लता.

पेटीतले तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. मुलांनी पेटीवर हात धरून ती धग अनुभवली. खाली चूल नसताना पेटी गरम कशी, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. या उष्णतेने आणि आम्लाने बी मरते, म्हणजे आता ती रुजणार नाही. तिच्या आतील पेशींच्या भिंती फुटतात, विकरे मोकळी होतात आणि प्रथिने व शर्करा यांचे बारीक तुकडे करतात. पुढे भाजताना याच तुकड्यांपासून चॉकलेटचा वास तयार होतो. कडवटपणा आणि तुरटपणाही याच काळात कमी होतो.

पाचव्या दिवशी बिया पुन्हा एकदा वरखाली करतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी उन्हात घालतात. घाई केली तर बी जांभळी आणि तुरट राहते, विसरून दिवस वाढले तर कुबट वास धरते. परीक्षा सोपी आहे. वाळलेली बी उभी चिरायची. आत तपकिरी रंग आणि भेगा दिसल्या तर काम फत्ते. जांभळी दिसली तर आंबवणे अपुरे, पाटीच्या दगडासारखी करडी दिसली तर ते झालेलेच नाही. बियांतील ओलावा सहा-सात टक्क्यांवर आला की मूठभर बिया हातात दाबल्यावर कुरकुर वाजतात. तीन किलो ओल्या बियांपासून साधारण एक किलो सुक्या बिया मिळतात.

घरातला कारखाना

येथवरचे काम या भागातील अनेक बागायतदार करतात. आमच्या यजमान कुटुंबाने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. घरामागच्या एका खोलीत त्यांच्या सूनबाई स्वतःच्या बागेतल्या बियांचे चॉकलेट करतात. बिया लहान भट्टीत १२० ते १४० अंशांच्या दरम्यान भाजायच्या, भरडायच्या आणि टरफल उडवून लावायचे. टरफल उडवण्यासाठी त्यांच्याकडे पंखा आहे, पण थोड्या बिया असल्या तर सुपात पाखडतात. आतल्या दाण्यांचे तुकडे मग दगडी ग्राइंडरमध्ये घालतात. हा ग्राइंडर म्हणजे इडली-डोशाचे पीठ वाटणाऱ्या यंत्राचाच भाऊ! जगभरात घरगुती पातळीवर चॉकलेट करणारे अनेकजण हेच भारतीय यंत्र थोडेफार बदलून वापरतात.

पाण्याचा थेंबही न घालता कोरड्या दाण्यांचे पातळ वाटण कसे होते, हे मुलांना कोडेच वाटले. उत्तर असे की कोकोच्या दाण्यात निम्म्याहून थोडी अधिक स्निग्धता असते. घर्षणाने यंत्र तापते आणि ती वितळते. साखर घालून हे वाटण दोन दिवस चालते, तेव्हा कुठे जिभेला कण लागेनासे होतात.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक. कोकोची ही स्निग्धता, म्हणजे कोको बटर, सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यांतला एकच प्रकार चकाकी देतो, तुकडा मोडताना टक् असा आवाज देतो आणि सुमारे ३४ अंशांवर वितळतो. तोंडातले तापमान त्याहून थोडे अधिक, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळते. हा प्रकार साधण्यासाठी वितळलेले चॉकलेट आधी २७-२८ अंशांपर्यंत थंड करून पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत गरम करावे लागते. एप्रिल-मेच्या उकाड्यात दप्तरात वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो, तो बुरशीचा नसतो. स्निग्धता चुकीच्या स्फटिकांत गोठल्याची ती खूण असते.

आज आपण खातो तशी चॉकलेटची वडी फारशी जुनी नाही. १८२८ साली नेदरलँड्समधील व्हान हौटेन यांनी कोकोतील स्निग्धता दाबून वेगळी काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. १८४७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खायची वडी केली आणि १८७५ साली स्वित्झर्लंडचे डॅनिएल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट केले. हजारो वर्षे जे प्यायचे होते, ते खायचे झाले अवघ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

पैसा कोणाच्या हाती जातो?

आमच्या दृष्टीने सहलीतला सर्वांत मोलाचा तास जेवणानंतरचा होता. एका मुलाने आजोबांना विचारले, "चॉकलेटला एवढा भाव मिळतो, तर मग सगळ्याच बियांचे का नाही करत?" आजोबांनी जमिनीवर रेघा ओढून हिशेब मांडला.

बागायतदारासमोर तीन वाटा असतात. पहिली, ओल्या बिया त्याच दिवशी विकायच्या. भाव कमी, पण संध्याकाळी पैसे हातात आणि जोखीम नाही. दुसरी, आंबवून, वाळवून सुक्या बिया विकायच्या. भाव अधिक, पण दहा-बारा दिवसांचे काम, आणि मधे पाऊस आला तर माल बुरसटण्याची भीती. तिसरी, स्वतः चॉकलेट करायचे. मोल सर्वांत अधिक. त्यासाठी मात्र यंत्रे, अन्नसुरक्षा परवाना, थंड खोली, वेष्टन आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक हवे. उन्हाळ्यात माल पाठवायचा म्हणजे तो वाटेतच पातळ होणार. म्हणून हे कुटुंब थोड्याच बियांचे चॉकलेट करते आणि बाकीच्या सहकारी संस्थेला विकते. सहलींचे शुल्क हा त्यांचा चौथा आधार.

सहकारी संस्थेचे नाव निघाले तसे आजोबा जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले. १९७०च्या दशकात चॉकलेट कंपन्यांच्या प्रोत्साहनाने या भागात कोकोची लागवड झपाट्याने वाढली. १९८०च्या सुमारास भाव कोसळले आणि खरेदीदारांनी हात आखडता घेतला. फळे झाडावर, पण घेणारा कोणी नाही. अनेकांनी झाडे तोडली. आजोबांच्या वडिलांनीही निम्मी बाग तोडली. तेव्हा सुपारी उत्पादकांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली. वारणाशी सुब्राय भट यांच्या पुढाकाराने १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेली ही संस्था कर्नाटक आणि केरळ या दोन्ही राज्यांतील बागायतदारांची. नुसत्या बिया विकून भागणार नाही हे ओळखून तिने १९८६ साली पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. आपल्याकडे गोवा बागायतदार संस्थेचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जगाच्या बाजारात कोकोचा भाव अजूनही झोके घेतो. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तेथे रोगराई आणि लहरी हवामानामुळे पीक बुडाले, तेव्हा २०२४ साली भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षे तो दोन-तीन हजारांच्या आसपास होता. २०२५ साली तो पुन्हा झपाट्याने उतरला. "भाव चढला की सगळे लावतात, उतरला की सगळे तोडतात. झाडाला मात्र फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात," असे आजोबा म्हणाले. त्यांनी २०२४ साली एकही पोफळ काढून कोको लावला नाही, आणि भाव उतरल्यावर कोकोही तोडला नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटले. साओ टोमे आणि प्रिन्सिपे ही आफ्रिकेजवळची बेटे गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. एकोणिसाव्या शतकात तेथे कोकोचे मळे वाढले. मळ्यांवर अंगोलातून आणलेल्या मजुरांची स्थिती गुलामांसारखी होती, म्हणून १९०९ साली केडबरी, फ्राय आणि राउंट्री या ब्रिटिश कंपन्यांनी तेथील कोको घेणे थांबवले. प्रश्न तेवढ्यावर संपला नाही. आयव्हरी कोस्ट आणि घाना येथे सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करतात, असा अंदाज २०२० साली अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. शेतकऱ्याला भाव कमी मिळतो, मजूर परवडत नाही आणि मग कोयता घरच्या मुलाच्या हातात जातो. नववीच्या वर्गात हे ऐकताना बराच वेळ कोणी बोलले नाही.

वेष्टन वाचायला शिका

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे चॉकलेट घ्याल तेव्हा वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिली असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेत आहात. कोको बटरऐवजी दुसरीच वनस्पतिजन्य स्निग्धता असेल तर तो 'कंपाउंड' प्रकार. तो स्वस्त असतो आणि लवकर वितळत नाही, पण जिभेवर मेणासारखा लागतो. एक हिशेबही करून पाहा. एक किलो सुक्या बियांना साधारण पंचवीस-तीस फळे लागतात. टरफल आणि भाजण्यातली घट धरली तर ७० टक्के कोकोच्या १०० ग्रॅमच्या वडीमागे दोन-तीन फळे येतात. त्यांतले प्रत्येक फळ झाडावर पाच-सहा महिने राखलेले असते.

पालक आणि विश्वस्तांसाठी थोडे व्यवहाराचे. अशी भेट पावसाळा संपल्यावर ठेवावी. पावसात जळवा असतात आणि बिया वाळवण्याचे काम पाहायला मिळत नाही. एका वेळी तीस-पस्तीसपेक्षा अधिक मुले नेऊ नयेत. आपण जातो तो दिवस शेतकऱ्याच्या कामाचा असतो, त्यामुळे शुल्क ठरेल तेवढे आनंदाने द्यावे, घासाघीस करू नये.

शेवटी आपल्या घरचा विषय. युरोपीय संघाच्या नियमांत कोको बटरबरोबर थोड्या प्रमाणात ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना चॉकलेटमध्ये परवानगी आहे, त्यांत एक कोकमाच्या बियांचा आहे. कोको बटरपेक्षा तो थोड्या अधिक तापमानाला वितळतो, म्हणून उष्ण हवेत चॉकलेट घट्ट ठेवण्यास त्याची मदत होते. आपण भिरंडांची सोलां करतो. बियांचे कोकमतेल टाचांच्या भेगांपुरते काढतो आणि उरलेल्या बिया पुष्कळ घरांत फेकून देतो. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी कुळागर आहे. तेथून सुपारी, मिरी, जायफळ, भिरंड कोणत्या स्वरूपात बाहेर पडते, त्यापुढे त्याचे काय होते आणि ते काम कोण करते, याची चौकशी प्रत्येकाने घरी करावी. पुढील अंकासाठी आम्ही नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हीच माहिती लिहून मागवत आहोत. आजी-आजोबांना विचारून लिहिलेल्या मजकुराचे विशेष स्वागत होईल.